शेवटच्या बाकापर्यंत: चर्चच्या साउंड टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

उपासना संपली की तरुण संघातलं कुणीतरी मिक्सरपाशी घुटमळतं आणि हळूच म्हणतं, "दादा, मलाही शिकायचंय." मला मनापासून आनंद होतो. तरीही पहिल्या रविवारी मी त्याला मिक्सरला हात लावू देत नाही. त्याला शेवटच्या बाकावर, एखाद्या आजोबांच्या किंवा आजींच्या शेजारी बसायला पाठवतो.

पहिला रविवार: नुसतं ऐका

सोलापुरात चर्चच्या शेवटच्या बाकावर कोण बसतं, ते आधी लक्षात घ्या. १८७७ साली इथं जुनी मिल उभी राहिली, मग बाकीच्या गिरण्या आल्या, मग घरोघर यंत्रमाग आले. आज सत्तरी-ऐंशीला पोचलेल्या कितीतरी जणांचं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलंय. अशा माणसाचे कान सगळ्या बाजूंनी सारखे मंदावत नाहीत. साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झ या पट्टीतले बारीक, टोकदार आवाज आधी जातात, आणि स, श, त, ट, क अशी व्यंजनं ओळखायला नेमकी तीच पट्टी लागते. 'पाप' म्हटलं की 'ताप', हे कळायचं कसं? म्हणून आजोबा सांगतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." नवीन मुलगा हे ऐकून आवाज वाढवतो. मग घुमणारा भाग वाढतो, शब्द आहे तिथंच राहतात, आणि पुढच्या बाकावरची बाळं रडायला लागतात.

आपलं काम आवाज मोठा करायचं नाही. शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं आहे. पुढचं सगळं यातूनच येतं.

त्या रविवारी एक वही घ्या. शास्त्रवाचनात कुठले शब्द हरवले? पाळकसाहेब डावीकडे वळले की काय झालं? प्रार्थनेत मान खाली गेली तेव्हा आवाज किती पडला? पंखे पाचवर असताना आणि तीनवर असताना काय फरक पडला? उपासना संपल्यावर शेजारच्या आजोबांना सलाम करून विचारा, "आज काय ऐकू आलं नाही?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

दुसरा रविवार: वायरी, पिना आणि वीज

उपासनेच्या पाऊण तास आधी या. निम्मा बिघाड वायरीत असतो, त्यामुळे ओळख इथून करायची.

माईकला लागते ती तीन दात असलेली गोल पिन, म्हणजे एक्सएलआर. आपले साउंडवाले तिला कॅनन म्हणतात. गिटार, कीबोर्डला लागतो तो जाड जॅक म्हणजे पी-३८. मोबाईल-लॅपटॉपची बारीक पिन ईपी, आणि लाल-पांढऱ्या जोडीची आरसीए. दुकानात ही नावं घेतलीत तर नेमकी वस्तू हातात पडते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कापडी टेप लावून मराठीत लिहून ठेवा: 'व्यासपीठ', 'पेटी', 'गायक १'. घाईच्या वेळी कुठली वायर कुणाची हे शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो.

वायर कोपराभोवती गुंडाळू नका. आतल्या तारा पिळल्या जातात आणि पिनेजवळ तुटतात. हातात मोठं वेटोळं धरा, एक वेढा सरळ, पुढचा उलटा असं करत जा, म्हणजे पुढच्या वेळी फेकल्यावर ती गाठ न पडता उलगडते. हे हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात. घरी दोरीवर सराव करा.

चालू-बंद करण्याचा क्रम पाठच करा. चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर. क्रम चुकला की 'धाड' असा आवाज येतो, आणि प्रत्येक धाडीबरोबर स्पीकरच्या पडद्याचं आयुष्य कमी होतं.

आता विजेचं. इथं मी कुणालाही सूट देत नाही. गाणाऱ्याचा एक हात गिटारच्या तारांवर असताना ओठ माईकला लागून झिणझिण्या आल्या, तर तिथल्या तिथे सगळं बंद करा. अर्थिंग गेलेलं आहे. स्पीकरमधला घुंई आवाज घालवायला कुणी तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकतो. तसं कधीही करू नका, ती पिन माणसाचा जीव वाचवायला असते. आपल्याकडे याला उन्हाळ्याची एक खास बाजू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, काळी जमीन भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही कोरडी ठणठणीत होते. कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. फेब्रुवारीपासूनच आठवड्याला त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. सकाळी फरशी पुसली असेल तर ती वाळल्याशिवाय एक्स्टेंशन बोर्ड खाली ठेवू नका.

लाइट जाते तेव्हा मिक्सर आणि व्यासपीठाचा माईक इन्व्हर्टरवर असला पाहिजे. मोठे अँप्लिफायर आणि पंखे त्यावर टाकले तर इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकतो. काय त्यावर चालतं आणि काय नाही, याची यादी बोर्डाजवळ चिकटवून ठेवा.

तिसऱ्या रविवारपासून: मिक्सर

बटणं बघून घाबरायला होतं, पण मिक्सरवर एकच पट्टी, म्हणजे एका माईकचं चॅनल, पुन्हा पुन्हा आलेली असते. एक पट्टी समजली की सोळाही समजतात. वरून खाली या.

सगळ्यात वर गेन. माईककडून येणारा बारीक आवाज किती उचलायचा, ते इथं ठरतं. खालचा फेडर, म्हणजे वर-खाली सरकवायचं बटण, ठरवतो की त्यातला किती बाहेर सोडायचा. नवशिके गेन कमी ठेवून फेडर टोकापर्यंत नेतात, मग शब्दांबरोबर सूं असा आवाज येतो. काही जण उलट करतात आणि आवाज फाटतो. बरोबर क्रम असा: फेडर खाली, त्या चॅनलचं पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज तपासायचं बटण) दाबा, आणि ज्याला बोलायचंय त्याला उपदेशात बोलतात तसं बोलायला सांगा. "हॅलो, चेक" हे कुणी उपदेशाच्या आवाजात म्हणत नाही. एखादं स्तोत्र वाचायला लावा. सगळ्यात मोठ्या शब्दाला दिवा पिवळ्यापर्यंत यावा, लाल लागू नये. मग फेडर शून्याच्या खुणेपाशी आणा.

गेनखाली लो-कटचं बटण असतं. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं ते गाळतं: व्यासपीठावर पडलेल्या हाताचा धप्पा, पंख्याच्या वाऱ्याची फडफड, चालत्या पायांचा आवाज. बोलण्याच्या प्रत्येक माईकवर ते चालू ठेवा. मग बेस थोडा कमी करा, आणि मधल्या पट्टीचं फिरवता येणारं बटण असेल तर ते ३,००० च्या आसपास नेऊन किंचितच वाढवा. आता शेवटच्या बाकावर जाऊन ऐका. मागावरच्या आजोबांना 'त' आणि 'प' वेगळे ऐकू यायला लागतात ते इथं. मात्र जास्त वाढवलंत तर 'स' कानात टोचतो.

कंडेन्सर जातीच्या माईकला चालायला मिक्सरमधून, माईकच्याच वायरीतून, ४८ व्होल्टची वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. ते बटण दाबण्याआधी चॅनल म्यूट करा.

माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की माईकला पोचणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. हातातला माईक तोंडापासून चार बोटांवर हवा. तो जाळीजवळ मुठीत धरला की त्याची मागची छिद्रं बंद होतात, मग तो चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. हे गायक मंडळातल्या ताईंना सरावाच्या दिवशी प्रेमानं सांगा. उपासनेत खुणा करू नका.

शिट्टी का येते? माईकमधून गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा त्याच माईकमध्ये शिरतो, म्हणून. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, मंडळीकडे तोंड करून. माईक उघडे जितके कमी, तितकी शिट्टी लांब. उपदेश चालू असताना गायकांचे चारही माईक म्यूट पाहिजेत. तरी शिट्टी आलीच तर मुख्य फेडर धाडकन खाली ओढू नका, ज्या चॅनलवर आहे तोच थोडा उतरवा.

आणि पडसाद. उंच छत, गुळगुळीत भिंती, फरशी, लाकडी बाकं, म्हणजे शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. यंत्रानं हे जात नाही. आमच्याकडे मागच्या भिंतीपुढे, चार बोटांचं अंतर सोडून, दांडीवर जाड सोलापुरी चादरी सोडल्या. त्याआधी मधोमध टाळी वाजवली की 'टाळी-ळी-ळी' असं येत होतं. चादरी लावल्यावर पहिली टाळी कोरडी वाजली आणि तिथं उभी असलेली महिला मंडळाची मंडळी एकदम गप्प होऊन पुन्हा टाळ्या वाजवून बघायला लागली. भिंतीला चिकटवलेल्या कापडापेक्षा अंतर सोडून टांगलेलं कापड जास्त आवाज खातं. डग्ग्याची घुमी चादरीनं जात नाही, तिच्यासाठी लो-कट आणि बेस आहेतच. मेणबत्त्या लागतात त्या बाजूला मात्र चादर नको.

पेटी, तबला आणि कीर्तन

साउंडची बहुतेक शिकवण ड्रम आणि गिटार धरून दिलेली असते. आपल्याकडे भजनाला पेटी, तबला, टाळ असतात आणि कीर्तनकार उभ्यानं, फिरत गातो.

पेटीला माईक वरून, पट्ट्यांच्या पुढच्या बाजूला, वीतभर उंचीवर. भात्यासमोर ठेवलात तर सुरांआधी हवेची फुसफुस येते. तबल्याला एकच माईक असेल तर तो दोन्हींच्या मध्ये, वीतभर वर, थोडा दायाँकडे (उजव्या तबल्याकडे) झुकलेला. डग्गा त्याच्या जोरावर येतोच. टाळांना माईक देऊ नका, ते सगळ्या माईकमध्ये आपोआप शिरतात. टाळवाल्या काकांना गायकांच्या माईकच्या पाठीमागे उभं करा. कीर्तनकाराला कॉलर माईक देताना तो छातीवर, हनुवटीखाली वीतभर, आणि हार किंवा उपरणं त्यावर घासणार नाही असा लावा.

कॉर्डलेस माईकमध्ये दर रविवारी ताजे सेल घाला. 'अर्धे उरलेत' या भरवशावर राहिलात की आशीर्वादाच्या वेळी ते संपतात. रिसीव्हर लोखंडी कपाटामागे ठेवू नका, त्याचे अँटेना माईकला दिसले पाहिजेत. स्वस्तातले काही सेट एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालतात. लग्नसराईत शेजारच्या मंगल कार्यालयात तसाच सेट असेल तर तिथली सूचना आपल्या प्रार्थनेत येऊ शकते. म्हणून व्यासपीठावर वायरीचा एक माईक कायम तयार ठेवायचा, कितीही महागडा कॉर्डलेस असला तरी.

पडदा

गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायला ओपनएलपी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली गाणी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की नुसत्या अगम्य खुणा दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट लांबून स्वच्छ वाचता येतात. एका वेळी दोन ते चार ओळी, गडद पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं. फुलांची, ढगांची चित्रं मागे लावायचा मोह टाळा. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांच्यासाठी अक्षर हरवतं.

पान बदलण्याची वेळ हा सगळ्यात अवघड भाग आहे. ओळ संपल्यावर बदललंत तर उशीर झाला. शेवटचा शब्द सुरू होताच बदला. धृपद किती वेळा घेणार हे गायन घेणाऱ्याला आधीच विचारा, आणि ते अचानक पुन्हा धृपदावर आले तर एका बोटात तिथे जाता येईल अशी मांडणी ठेवा. शास्त्रभाग व्यासपीठावर वाचतात त्याच भाषांतरातून घ्या. डोळ्यांना एक आणि कानाला दुसरं आलं की माणूस थबकतो. संयुक्त उपासनेत कन्नड किंवा तेलुगू ओळी असतील तर त्या भाषेच्या घरातल्या कुणाकडून तरी शनिवारीच तपासून घ्या.

ऑनलाइन उपासना

फोनवरून यूट्यूब लाइव्ह करायला चॅनलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरनं करता येतं, पण चॅनल फोन नंबरनं पडताळावा लागतो आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे ही तयारी रविवारी सकाळची नाही.

चित्र थोडं अंधुक चालेल, आवाज नाही. फोनचा स्वतःचा माईक वापरू नका. मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे आवाज वेगळा बाहेर काढायच्या जादा वाटेतून, वेगळा आवाज द्या. त्यात मंडळीचं गाणं येत नाही, म्हणून हॉलकडे तोंड करून एक माईक लावा आणि तो फक्त ऑनलाइनला सोडा. अंथरुणाला खिळलेल्या आजींना आपल्या माणसांचा एकत्र आवाज ऐकू येणं, यासाठी तर ही खटपट.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. प्रार्थना विनंत्या चालू होत्या. एका बहिणीनं उभं राहून घरातल्या माणसाच्या आजाराबद्दल सगळं सांगितलं, नावासकट. लाइव्ह चालूच होतं. संध्याकाळपर्यंत ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरलं, आणि त्या माणसानं ते अजून आपल्या मुलांनाही सांगितलेलं नव्हतं. मी घरी जाऊन माफी मागितली, व्हिडिओ काढून टाकला, पण झालं ते झालं. तेव्हापासून विनंत्या सुरू होण्याआधी ऑनलाइनचा आवाज बंद होतो आणि पडद्यावर 'प्रार्थनेची वेळ' एवढंच येतं. प्रभुभोजनाच्या वेळी चेहऱ्यांचे जवळून फोटो नाहीत. शब्बाथशाळेच्या मुलांचा कार्यक्रम दाखवायचा तर आईवडिलांची आधी परवानगी, आणि मुलांची नावं पडद्यावर नाहीत.

मोठे दिवस

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. बाहेर ऊन तापलेलं, आत सगळे पंखे पाचवर, आणि त्याच माईकवर एकामागून एक सात वेगळे आवाज. कुणी उंच, कुणी हळू बोलणारं, कुणी सवयीनं माईक बाजूला सारणारं. आदल्या दिवशी सगळ्यांना पाच मिनिटं बोलावून प्रत्येकाचा गेन आणि स्टँडची उंची कागदावर लिहा. मधल्या गीताच्या वेळी एकानं स्टँड पुढच्या वक्त्याच्या उंचीला लावायचा, दुसऱ्यानं गेन फिरवायचा. मिक्सरवर दोघांनी आलटून पालटून बसा आणि जवळ पाणी ठेवा, फक्त ते मिक्सरच्या टेबलावर नको. अँप्लिफायरच्या मागे हवा खेळती ठेवा. उन्हाळ्यात त्यावर गीतांची पुस्तकं रचली की तो तापून बंद पडतो.

नाताळ आणि वर्षअखेरची उपासना रात्रीच्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी रात्री १२ पर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. डिसेंबरच्या सुरुवातीलाच पंच कमिटीकडून पोलीस ठाण्यात अर्ज जाऊ द्या. परवानगी असली तरी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि जवळ दवाखाना असेल तर आणखी कमी. अंगणातले स्पीकर छोटे, जास्त संख्येनं आणि माणसांच्या जवळ लावा. एका मोठ्या बॉक्सनं गल्ली जागी करण्यापेक्षा ते बरं.

उपासना संपल्यावर

सगळे निघाले की घाई करू नका. आधी अँप्लिफायर बंद, मग बाकी. कॉर्डलेसमधले सेल बाहेर काढा, नाहीतर गळून आतलं सर्किट खातात. माईकच्या जाळ्या ओलसर कापडानं पुसून वाळू द्या, किती जणांच्या तोंडाजवळ त्या जातात. मिक्सरवर जुना सोलापुरी टॉवेल टाका. आपल्या धुळीनं फेडर खरखरायला फार दिवस लागत नाहीत.

मग रजिस्टर उघडा. तारीख, काय बिघडलं, कुठली वायर बाजूला ठेवली, कुणी काय सांगितलं. आमच्या रजिस्टरच्या मागच्या रविवारच्या पानावर असं आहे: 'गायक २ ची वायर पिनेजवळ हलते, सोल्डर करणे. डाव्या बाजूचा तिसरा पंखा किरकिरतो, वायरमनला सांगणे. शेवटच्या बाकावरचे आजोबा: आज उपदेश सगळा कळला, शास्त्रवाचन वाचणारी मुलगी फार भरभर वाचते.'